साहेबांची तीनचाकी

आक्कांनी आयुष्यात पुष्कळांना जमिनीवर आणलं, पण स्वतः जमिनीवर बसायचं मात्र त्यांनी अलीकडे सोडलं होतं. बसलं की उठावं लागतं. आणि उठताना त्यांचा उजवा गुडघा असा करकरायचा, की कोणीतरी जुन्या कपाटाचं दार उघडतंय असं वाटावं. कोणी चमकून बघितलंच तर आक्का कपाटाकडे बोट दाखवायच्या, "तेल घालायला झालंय मेल्याला." त्यामुळे त्या घरात कपाटाला दर आठवड्याला तेल मिळत होतं आणि गुडघ्याला थेंबभरही नाही.

गुडघा झाकून ठेवायला कारण होतं आणि ते कारण सहा महिन्यांचं होतं. त्याला दात नव्हते, केस नावापुरते होते, आणि घरातली सगळी मोठी माणसं त्याच्या एका आवाजावर पळत होती. म्हणून आक्का नातवाला 'साहेब' म्हणायच्या आणि अहो-जाहो करायच्या. "साहेब उठले का?" "साहेबांनी दूध ओकून ठेवलंय." "साहेब आज तापलेत, कोणी पुढे जाऊ नका." नवऱ्याच्या कचेरीतल्या खऱ्या साहेबाला या बाईनं कधी साहेब म्हटलं नव्हतं. उलट एकदा त्याला घरी बोलावून, 'यांना संध्याकाळी वेळेवर सोडत जा,' असं सुनावलं होतं. सगळा मान जणू नातवासाठी साठवून ठेवला होता.

सूनबाईची रजा संपत आली होती. ती कामावर गेल्यावर साहेबांना दिवसभर कोण बघणार? आक्कांच्या मते हा प्रश्नच नव्हता. पण विहीणबाईंनी तो उभा केला. विहीणबाई म्हणजे सूनबाईची आई. त्या शहराच्या दुसऱ्या टोकाला राहायच्या आणि नातवाला बघायला यायच्या, पण तीन जिने चढून वर कधी यायच्या नाहीत. खाली अंगणात उभं राहून फोन करायच्या, "बाळाला जरा खाली आणता का?" आक्का म्हणायच्या, "आमच्या पायऱ्यांनी बाईच्या चपला झिजतात!"

तर विहीणबाई म्हणाल्या, "बाळाला आमच्याकडेच ठेवा ना. आमच्याकडे लिफ्ट आहे, खाली बाग आहे. तुम्हाला या वयात कशाला दगदग?"

'या वयात' म्हणणारी बाई आक्कांपेक्षा वर्षभरानं मोठी होती.

"लिफ्ट आहे म्हणून नातू द्यायचा?" आक्का म्हणाल्या. "उद्या कोणाकडे विमान निघालं तर मुलगाही देऊन टाकू का?"

चिरंजीव मध्ये पडले. मध्ये पडायचं आणि मग तिथेच पडून राहायचं, हा त्यांचा लहानपणापासूनचा गुण. "आई, डॉक्टर म्हणालेत बाळाला रोज बाहेर मोकळ्या हवेत न्यायला हवं. तुला रोज कडेवर घेऊन जमेल का?"

"तुला नेत होते ना? तू तर यांच्यापेक्षा दुप्पट जड होतास आणि निम्मा शहाणा."

शेवटी सूनबाईनं तोडगा काढला. एक चांगली बाबागाडी घ्यायची. आक्कांना ती रोज फिरवायला जमली तर बाळ इथेच. नाही जमलं तर आठवडाभर विहीणबाईंकडे आणि सुट्टीच्या दिवशी इथे.

"म्हणजे मी सुट्टीची आजी होणार?" आक्का मनात म्हणाल्या. उघड एवढंच म्हणाल्या, "गाडी घ्या. पण निवडणार मी."

आता एखाद्या घरात गाडी घ्यायची ठरली की सगळ्या इमारतीला चाकं फुटतात. समोरच्या दारातल्या मास्तरीणबाईंनी सांगितलं, की त्यांच्या नणंदेच्या जावेकडची गाडी भर रस्त्यात आपोआप मिटली, आत मूल असताना. "मग?" "मग काय, उघडली. पण मूल तेव्हापासून अबोल झालं." तळमजल्यावरचे सेक्रेटरी आयुष्यभर एका कचेरीत 'उद्या या' म्हणायची नोकरी करून निवृत्त झाले होते. त्यांनी सल्ला दिला, "आधी गाडी ठेवणार कुठे ते लेखी द्या. जिन्याखालची जागा सामायिक आहे." आणि बाबा, म्हणजे आक्कांचे यजमान, म्हणाले, "चाकं नीट बघून घ्यावीत." त्यांना सगळी इमारत बाबा म्हणायची. ते थोडंच आणि बरोबर बोलायचे, त्यामुळे त्यांच्याकडे कोणी लक्ष देत नसे.

रविवारी सगळे दुकानात गेले. लहान मुलांच्या सामानाचं मोठं दुकान. गळ्यात टाय बांधलेला विक्रेता पुढे आला आणि त्यानं सूनबाईच्या मनातलं ओळखल्यासारखी एक गाडी ओढून आणली.

"ही बघा मॅडम. तीन चाकांची. पुढचं चाक लहान, ते कुठेही वळतं. नुसता इशारा करायचा. मागची दोन मोठी, सगळा भार ती घेतात."

"आमच्या घरासारखीच की," आक्का म्हणाल्या आणि बाबांकडे बघितलं. बाबा तेवढ्यात खरोखरच कुठेतरी वळले होते.

"हिच्यामागे पळताही येतं. सकाळी जॉगिंग वगैरे."

"कोण पळणार?"

विक्रेत्यानं एकेकाकडे पाहिलं. साहेब झोपलेले. चिरंजीवांचं पोट त्यांच्या पुढे दोन पावलं. शेवटी त्याची नजर आक्कांवर आली आणि तो घाईघाईनं म्हणाला, "तशी सोय आहे, एवढंच."

"हे बघा," आक्कांनी आवाज चढवला. आक्का दुकानात शिरल्या की दुकानाला प्रवचनाची कळा येते. "तीन तिघाडा, काम बिघाडा! आमच्या म्हाताऱ्यांनी उगाच नाही सांगून ठेवलं. गाईला चार पाय, खाटेला चार, टेबलाला चार. तीन पायांचं या जगात असतं काय?"

"तिपाई," बाबा म्हणाले.

"तिच्यावर मूल घालून कोणी फिरायला जातं का? माझ्या नातवाला तीन चाकांवर ठेवायला तो काय कोंबड्यांचा खुराडा आहे? ज्याला चौथं चाक परवडलं नाही त्यानं काढलेली गाडी ही. न्या ती आत!"

चार गिऱ्हाइकांनी माना डोलावल्या. एका बाईनं तर हातातली तीनचाकी परत जागेवर ठेवली. विक्रेत्यानं टाय सैल केला आणि चार चाकांची गाडी आणली.

आक्कांनी ती ढकलून बघितली आणि तिथेच सगळं बिनसलं. चारचाकीला मागे दोन सुट्या मुठी होत्या, छत्रीच्या असतात तशा, आणि त्याही खाली. वाकून ढकलायला लागली. चार पावलांत गुडघा बोलला. जवळपास कपाट नव्हतं. "फरशी कुरकुरतेय तुमची," आक्का म्हणाल्या.

मग सगळे गाडीच्या छपराचा रंग निळा की करडा यावर भांडत असताना आक्का आधारासाठी म्हणून मागच्या मागे कशावर तरी टेकल्या. ती तीनचाकी होती. तिला या टोकापासून त्या टोकापर्यंत एक सलग दांडा होता, बरोबर कोपराच्या उंचीवर. आक्कांनी त्यावर दोन्ही हात टेकले आणि सहज म्हणून दोन पावलं टाकली. मग चार. मग दुधाच्या बाटल्यांच्या फळीपर्यंत जाऊन त्या परत आल्या. गुडघा गप्प. एवढा गप्प, की आक्कांनी एकदा खाली वाकून तो आहे ना याची खात्री केली.

"आई, मला तर हीच आवडली होती," सूनबाई मागून हळूच म्हणाली.

'हो' म्हणायला आक्कांचं तोंड उघडलंसुद्धा. पण तिथेच ती चार गिऱ्हाइकं उभी होती, आणि ती गाडी परत ठेवणारी बाई तर आक्कांकडे देवीकडे बघावं तसं बघत होती. भर दुकानात थुंकलेलं आता गिळायचं कसं?

"विचार करू," आक्का म्हणाल्या, आणि सगळी वरात एक खुळखुळा घेऊन घरी आली.

आक्का चौथीपर्यंत शिकल्या होत्या आणि पुढच्या सगळ्या इयत्तांना त्यांनी स्वतः नापास केलं होतं. पण डोकं चालवायला शाळा लागत नाही. रात्रीत त्यांनी बेत शिजवला. दुकानात गुपचूप फोन करायचा आणि तीनचाकी मागवायची. गाडी दारात आली की कपाळावर हात मारायचा: 'बघा, दुकानदारानं घोळ घातला! मी चारचाकी सांगितली, यानं तीनचाकी पाठवली. आता आलीच आहे तर राहू द्या.' म्हणजे गाडीही येते, नातूही राहतो आणि शब्दही मोडत नाही. चूक दुकानदाराची. त्याचा टाय आधीच सैल झालेला होता.

दुसऱ्या दिवशी दुपारी सूनबाई साहेबांना घेऊन आतल्या खोलीत पडली होती आणि बाबा बाहेरच्या खोलीत घोरत होते. आक्कांनी खुळखुळ्याची पिशवी काढली. पिशवीवर दोन नंबर होते. बारीक अक्षरातला मुलांच्या दुकानाचा. मोठ्या अक्षरातला त्याच मालकाच्या दुसऱ्या दुकानाचा, जिथे आजारी माणसांचं सामान मिळायचं: काठ्या, खाटा, चाकाच्या खुर्च्या. मालक हुशार, गिऱ्हाईक येतानाही त्याचं आणि जातानाही त्याचंच. पण हे आक्कांना कुठलं दिसायला? चष्मा बाबांच्या उशाशी होता, आणि बारीक अक्षरात लिहिणाऱ्या माणसाच्या मनात पाप असतं असं आक्कांचं जुनं मत होतं. त्यांनी मोठ्या अक्षरातला नंबर फिरवला आणि तोंडावर पदर धरून कुजबुजल्या,

"बाबागाडी पाहिजे."

"मोठ्यानं बोला बाई, ऐकू येत नाही. बाबांची गाडी?"

"हां, तीच. तीन चाकांची. ढकलायला मागे सलग दांडा असलेली."

"आहे, एकच आहे. किती दिवस झाले?"

"सहा महिने होतील."

"अरेरे." पलीकडचा माणूस हळहळला. आक्कांना वाटलं, रीतच असेल. "बसता येतं का त्यांना?"

साहेबांना अहो-जाहो करणारा माणूस भेटला म्हणून आक्का खूश झाल्या. "मागे उशी लावली तर बसतात. नाहीतर एका बाजूला कलंडतात."

"बोलतात?"

"बोलतात कसले, ओरडतात! आणि स्वतःचंच खरं करतात."

"खाणंपिणं?"

"सगळं पातळ. दात कुठे आहेत?"

"आणि बाकीचं... म्हणजे बाथरूमचं?"

"जागच्या जागी."

"कोण करतं हो त्यांचं सगळं?"

"मीच. दुसऱ्या कोणाच्या हाती मी त्यांना द्यायची नाही. आमच्या विहीणबाई टपून बसल्यात न्यायला."

पलीकडे नाक शिंकरल्याचा आवाज आला. मग तो माणूस म्हणाला, "बाई, तुमच्यासारखी माणसं राहिली नाहीत."

आक्कांना भरून आलं. इतकी वर्षं या घरात राबून हे वाक्य ऐकायला त्यांना फोन फिरवावा लागला होता. "पत्ता लिहून घ्या आणि उद्या सकाळी पाठवा. पण घरात कोणाला कळता कामा नये."

"त्यांनाही नाही सांगायचं?"

"त्यांना काय कळतंय!"

दुसऱ्या दिवशी सकाळी सगळं आक्कांच्या मनासारखं होतं. चिरंजीव आणि सूनबाई साहेबांना टोचून आणायला डॉक्टरकडे गेले होते. बाबांना, "केस किती वाढलेत, माणसात या," असं सांगून केस कापायला पाठवलं होतं. आक्का कपाळावर हात मारायचा सराव करत खिडकीशी उभ्या होत्या. तेवढ्यात दार वाजलं.

दारात मास्तरीणबाई. डोळे पुसत.

"आक्का, धीर धरा."

"कसला?"

"सगळं कळलं खाली. सहा महिने! आणि शेजारी राहून आम्हाला पत्ता नाही. आम्हाला वाटायचं बाबा मजेत आहेत."

"मजेतच आहेत. माझ्याशी लग्न झालेला माणूस मजेतच असणार."

"आता तरी लपवू नका हो," मास्तरीणबाईंनी हुंदका दिला. "त्यांची गाडी आलीये. मी सूनबाईलाही फोन केला. बिचारी लगेच निघतेय. तिची आई नातवाला बघायला निघालीच होती, तिलाही कळवते म्हणाली."

आक्कांनी खिडकीतून खाली बघितलं. फाटकात एक तीनचाकी उभी होती. पण ही कसली बाबागाडी! पाठ टेकायला उंच पाठ, हात ठेवायला हात, पाय ठेवायला फळी, आणि बैठक अशी, की चार साहेब एका वेळी बसावेत. आक्कांनी पदर खोचला. त्या जिन्याकडे धावल्या. तीन जिने त्या किती दिवसांत असे उतरल्या नव्हत्या. पहिल्या जिन्यावर गुडघ्यानं विनंती केली, दुसऱ्यावर दम दिला, तिसऱ्यावर बोलणंच सोडलं.

खाली तमाशा उभा होता. फाटकावर पाटी होती: 'तीनचाकी वाहनांस प्रवेश मनाई.' सामान वाहणाऱ्या तीनचाक्या अंगणात येऊन गटाराची झाकणं फोडायच्या, म्हणून ती लावली होती. सेक्रेटरी पाटीखाली दोन्ही हात पसरून उभे होते. इतकी वर्षं त्या पाटीचा अपमान करायला कोणी आलंच नव्हतं. आज आलं होतं.

"पेशंट कोणी का असेना," ते सांगत होते. "नियमात तीनचाकी म्हणजे तीनचाकी. चौथं चाक लावून आणा."

"अहो, माणूस अंथरुणाला खिळलाय!" गाडी आणणारा माणूस कळवळून म्हणाला. हा तोच फोनवरचा. इतका हेलावला होता, की स्वतः आला होता. "बसता येत नाही, एका बाजूला कलंडतात, तोंडात दात नाही, दिवसभर ओरडतात, सगळं जागच्या जागी..."

"कोण हो?" मागून आवाज आला.

बाबा. केस कापून, दाढी करून, कानामागे पावडर लावून उभे.

मास्तरीणबाई आक्कांच्या मागोमाग उतरल्या होत्या. त्यांनी किंकाळी फोडली. सेक्रेटरींचे हात आपोआप खाली आले, आणि तेवढ्यात दुकानाच्या माणसानं गाडी अंगणात घेतली.

"बाबा?" दुकानाचा माणूस म्हणाला.

"हो, मीच."

"सहा महिन्यांपासून आजारी असलेले?"

बाबांनी जरा आठवून बघितलं. एवढ्या मोठ्या गोष्टीवर विनाकारण 'नाही' म्हणणं त्यांच्या स्वभावात नव्हतं. मग त्यांनी ओठ मागे घेऊन सगळ्यांना दात दाखवले. "आणि ओरडतात म्हणजे? आमच्या घरात *मी* ओरडतो?"

यावर मात्र सगळ्या अंगणाला हसू आलं, अगदी सेक्रेटरींनाही. 

तेवढ्यात चिरंजीव, सूनबाई आणि साहेब फाटकात उतरले, आणि पाठोपाठ दुसऱ्या गाडीतून विहीणबाई. साहेब नुकतंच टोचून आल्यामुळे तापले होते आणि सगळ्या जगाला नोकरीवरून काढून टाकत होते. विहीणबाईंनी चाकाची खुर्ची बघितली, बाबांना बघितलं, आणि काहीच न कळल्यामुळे त्यांनी जे मनात होतं तेच पुढे केलं.

"आक्का, घरात असं काही असताना बाळाचं तुम्हाला जड होणारच. आता अवघडू नका. मी आजच घेऊन जाते त्याला." आणि त्यांनी हात पुढे केले.

घरचं झालं थोडं, व्याह्यानं धाडलं घोडं! "घरात काहीही नाही!" आक्का गरजल्या. "कोणी आजारी नाही!"

"मग ही गाडी कोणासाठी?" सूनबाईनं विचारलं.

सगळे आक्कांकडे बघायला लागले. 'बाळासाठी' म्हणावं, तर दुकानात 'तीन तिघाडा' म्हणून गर्जून स्वतःच तीनचाकी का मागवलीस, हे सांगावं लागणार. आणि ते सांगितलं की गुडघा बाहेर येणार. आणि गुडघा बाहेर आला की नातू लिफ्टमध्ये जाणार.  म्हणून आक्कांनी उत्तर द्यायचं सोडून सरळ नातवाला घ्यायला पाऊल टाकलं. उजवं.

गुडघा करकरला नाही. तो सरळ बसला. त्याच्याबरोबर आक्काही बसल्या, आणि त्यांच्या मागे बसायला एकच वस्तू होती.

तीनचाकीला ब्रेक लावलेला नव्हता. अंगणाला फाटकाच्या बाजूला जरासा उतार होता. सगळ्या इमारतीच्या देखत आक्का ताठ मानेनं, दोन्ही हात खुर्चीच्या दोन्ही हातांवर ठेवून, सावकाश मागे मागे जात फाटकाबाहेर निघून गेल्या. बाबांनी धावत जाऊन पुढचं चाक धरलं तेव्हा त्या रस्त्याच्या कडेला पोचल्या होत्या.

"हां," सेक्रेटरी पाटीकडे बघून म्हणाले. "आता नियमात आहे."

कोंबडं झाकलं तरी उजाडायचं राहत नाही. आक्कांनी उठायचा प्रयत्न केला. नाही जमलं. दुसऱ्यांदा केला. मग त्यांनी पदर सारखा केला आणि जणू त्या मुद्दामच तिथे बसल्या आहेत अशा आवाजात म्हणाल्या, "गाडी साहेबांसाठीच मागवली होती. ह्या गाढवानं भलतीच आणली."

"पण तीनचाकी, आई?"

"हिला धरून चालता येतं," आक्का म्हणाल्या. इतक्या हळू, की साहेबही ऐकायला गप्प झाले. "चारचाकीला धरून नाही येत."

 मास्तरीणबाईंच्या डोळ्यांत तयार पाणी होतंच, ते त्यांनी आता इकडे वळवलं.

"आई, सांगायचं तरी," सूनबाई म्हणाली.

"सांगितलं असतं तर हे गेले असते लिफ्टमध्ये."

विहीणबाई पुढे आल्या. आक्कांनी हनुवटी वर केली. आता टोमणा येणार म्हणून उलटा टोमणा तयार ठेवला. पण विहीणबाई खुर्चीच्या हातावर टेकल्या आणि हलक्या आवाजात म्हणाल्या, "उजवा का?"

"काय उजवा?"

"गुडघा. माझा डावा."

आक्का बघत राहिल्या. "म्हणून तुम्ही वर येत नाही?"

"मग तुम्हाला काय वाटलं?"

आक्कांना काय वाटलं होतं ते सांगायला चपलांपासून सुरुवात करावी लागली असती. "मला वाटलं, तुम्हाला जिने आवडत नाहीत."

"जिने कोणाला आवडतात?" विहीणबाई म्हणाल्या, आणि इकडेतिकडे बघून आवाज आणखी खाली आणला. "आणि लिफ्टचं मेलीचं काय सांगू? चालते तेव्हा चालते. गेल्या खेपेला मी दुसऱ्या आणि तिसऱ्या मजल्याच्या मध्ये बसून होते. अर्धी तिकडे, अर्धी इकडे. सांगत नाही मी कोणाला."

"मग बाळाला जिन्यावरून खाली-वर करणार कोण?" चिरंजीवांनी विचारलं. नेहमीप्रमाणे बरोबर मध्येच पडून.

"मी," बाबा म्हणाले. ते अजून पुढचं चाक धरून उकिडवे बसले होते. "मी तर दिवसभर चढतच असतो. एकदा कोथिंबीर विसरली म्हणून, एकदा आणली ती शिळी म्हणून, एकदा ती परत करायला म्हणून."

"मग आधी का नाही बोललात?"

"मला कोणी विचारलंच नाही."

हे मात्र खरं होतं. आक्कांनी त्यांना कधी काही विचारलेलं नव्हतं. सांगितलंच होतं.

दुकानाचा माणूस आपली खुर्ची घेऊन गेला. जाताना बाबांचे दात पुन्हा एकदा बघून गेला. सूनबाई दुसऱ्याच दिवशी जाऊन सलग दांड्याची ती तीनचाकी घेऊन आली. विहीणबाईंनी पहिल्याच दुपारी हजेरी लावली आणि मग रोजचीच. आक्का मास्तरीणबाईंना सांगतात, "तिपाईचं काय वाईट असतं हो? उंचसखल जमिनीवर चार पायांचं टेबल डुगडुगतं, तिपाई कधी डुगडुगत नाही." जणू हे त्यांच्या म्हाताऱ्यांनीच सांगून ठेवलं होतं.

राहिला प्रश्न पाटीचा. सेक्रेटरींनी नियम मोडायचा नाही म्हणून सभा बोलावली. सभेत बाबागाडी वाहन आहे की सामान आहे की सभासद आहे यावर इतका घोळ झाला, की शेवटी कंटाळून एक ओळ वाढवायची ठरली. रंगाऱ्यानं ती जागा उरली होती तेवढ्यात बसवली.

त्या दिवशी संध्याकाळी सगळे फिरायला निघाले. बाबा पुढे, रस्त्यातले दगड आणि कुत्री बाजूला करत, मागून आवाज येईल तसे वळत. मागे दांड्यावर एका बाजूला आक्का आणि दुसऱ्या बाजूला विहीणबाई, दोघी सगळा भार टाकून. आणि मध्ये साहेब, पहिला दात फुटत असल्यामुळे सगळ्यांवर नाराज. फाटकाशी विहीणबाई थांबल्या आणि त्यांनी पाटी वाचून दाखवली,

"तीनचाकी वाहनांस प्रवेश मनाई. आक्का सोडून."

"मी काय वाहन आहे?" आक्का उसळल्या.

"पुसायला सांगू का?" बाबांनी मागे वळून विचारलं.

आक्कांनी पुढे बाबांकडे बघितलं. मग बाजूला, दांड्यावर टेकलेल्या विहीणबाईंकडे. 

"राहू द्या," त्या म्हणाल्या. "फक्त माझं नाव मोठ्या अक्षरात करायला सांगा. एवढं बारीक काढलंय, त्याच्या मनात पाप असणार."

"आणि माझं नाव?" विहीणबाई म्हणाल्या.

"तुमचं कशाला?" आक्कांनी गाडीला जोर लावला. "तुमच्याकडे लिफ्ट आहे."